सात नंबरचा ठिपका

शामलाने डस्टर उचललं आणि फळ्यावरचा सात नंबरचा ठिपका पुसून टाकला. झालं एवढंच. कुणाला सांगायला गेलं तर म्हणेल, अहो, यात काय मोठंसं घडलं? पण सुहासिनीच्या हातातला खडू मोडला, त्याचा अर्धा तुकडा टेबलाखाली गेला, आणि तो शोधायच्या निमित्ताने ती वाकली ती जरा वेळ वाकलेलीच राहिली. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा वर्ग, मुलं सगळी मिळून नऊ, मार्चचे पहिले दिवस, खिडकीतून येणारा वारा आताच तापायला लागलेला. फळ्यावर तिने बारा ठिपके काढले होते आणि त्यांच्यामध्ये बाण. ठिपका म्हणजे माणूस. एक माणूस दुसऱ्याशी आपणहून बोलत असेल तर त्याच्याकडून दुसऱ्याकडे एक बाण. दुसराही आपणहून बोलत असेल तर उलटा बाण. पुस्तकातली उदाहरणं, कुठल्याशा देशातल्या कुठल्याशा शाळेतली पोरं, मुलांना परकी वाटतात म्हणून यंदा तिने स्वतःच आकडेवारी आणली होती. एका घरातली आणि त्या घराला लागून असलेली माणसं, असं तिने मोघम सांगितलं होतं. यातला कुठला ठिपका महत्त्वाचा, आणि का, असं तिने विचारलं; आणि पारशिवनीकडच्या खेड्यातून आलेली, एरवी तोंड न उघडणारी शामला उठली, फळ्यापाशी आली आणि सात नंबर पुसून बाजूला झाली. बारा ठिपक्यांचं जाळं होतं, त्याची दोन गाठोडी झाली. इकडे पाच, तिकडे सहा, मधे पांढरट धुरळा. मुलं हसली. सातवा ठिपका म्हणजे सुहासिनी स्वतः होती, हे त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

ती उठून उभी राहिली तरी शामला जागेवर गेलेली नव्हती. डस्टर हातात धरून फळ्याकडेच बघत होती. म्हणाली, "मॅडम, एक विचारू? हा माणूस गेला, पण बाकीचे बाण आपण तसेच ठेवले. तो गेल्यावर बाकीचे तसेच कशे राहतीन?"

"तसं आपण गृहीत धरतो."

"काहून?"

"कारण तसं धरलं नाही तर गणित सुटत नाही," सुहासिनी म्हणाली, आणि मुलं पुन्हा हसली, कारण मॅडम क्वचितच विनोद करीत. पण तो विनोद नव्हता. सगळं मॉडेल त्याच एका गोष्टीवर उभं होतं. कुठल्याही दोन माणसांनी आपसात बोलायचं की नाही हे त्या दोघांनीच ठरवलंय, तिसऱ्याचा त्यात काही हात नाही, असं धरायचं. मग प्रत्येक जोडी वेगळी काढता येते, प्रत्येकीची शक्यता वेगळी मांडता येते, आणि त्या शक्यतांचा गुणाकार करत गेलं की जाळ्याची शक्यता हातात येते. चिठ्ठ्या टाकून बाण फेकले असते, प्रत्येकाचे तीन, तर उलटून आलेले बाण सरासरीने किती निघाले असते, हे मुलांनी मागच्या तासाला हाताने फिरवायच्या आकडेमोडीच्या यंत्रावर काढलं होतं. जेमतेम पाच जोड्या. आणि या घरात निघाल्या होत्या चौदा. म्हणजे हे काही योगायोगाने होत नाहीय, इथली माणसं एकमेकांना धरून आहेत, असा निष्कर्ष त्यांनी वहीत सुरेख लिहिला होता. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा शामला म्हणाली, "मले वाटते, गणित सुटत नसन तर नसो, पण खोटं धरू नये." हे ती उद्धटपणे नाही म्हणाली, आपल्याशीच म्हणाली. सुहासिनीने तिला पुढच्या वेळी बघू म्हटलं आणि उरलेलं जाळं स्वतःच्या हाताने पुसलं.

शोधलीच कशाला आपण ही आकडेवारी, असं तिला त्या दिवसांत वारंवार वाटलं. दुसरी काय कमी होती? होस्टेलच्या मेसमध्ये कोण कुणाच्या शेजारी बसतं ते विचारता आलं असतं. पण रविवारी दुपारी भाजी निवडता निवडता तिच्या डोक्यात घरचेच लोक यायला लागले, आणि एकदा ओळीने मांडायला घेतल्यावर थांबवेना. सासरे, अण्णा, एक नंबर. नणंद यमुताई, लग्न होऊन शहरातल्याच महाल भागात राहणारी, पण दर गुरुवारी अण्णांच्या खोलीत येऊन बसणारी, दोन नंबर. मग अण्णांचे सकाळचे फिरायला जाणारे सोबती. नवरा विश्वनाथ आठ नंबर. दीर वसंत, भिलाईला असतो, त्याची बायको नीला, विश्वनाथचे कचेरीतले मित्र, शेजारचं एक घर. आणि सात नंबर, मधोमध. कागदावर ते मांडताना तिला काही वाटलं नव्हतं, उलट मजाच वाटली होती. स्वतःला आकडा दिला की स्वतःकडे किती निवांत पाहता येतं! शामलाने तो आकडा पुसेपर्यंत.

आणि पुसायची वेळ खरोखरच आली होती, हाच तर सगळा घोळ. कलकत्त्याच्या एका संशोधन संस्थेने तिला दोन वर्षांची फेलोशिप देऊ केली होती, नेमकं याच विषयावर काम करायला, माणसांच्या जाळ्याचं असं मॉडेल बांधायला की ज्यात शामलासारख्या पोरीला खोटं धरल्यासारखं वाटणार नाही. विभागप्रमुख ठवरे सरांनी स्वतः तिचं नाव सुचवलं होतं. सर तिला स्टाफरूममध्ये बोलावून म्हणाले होते, मॅडम, तुमच्या वयाले असा चान्स मले भेटला असता तर मी चप्पल न घालता पळालो असतो, आणि तुम्ही विचार काय करून राहिल्या? शनिवारपर्यंत सांगा, नाहीतर दुसऱ्याचं नाव जाते. ती छत्तीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं, आणि त्याविषयी आता कुणी विचारतही नसे. नोकरीतून रजा मिळत होती. पैशांची अडचण नव्हती. बाहेरून पाहणाऱ्याला न जाण्यासारखं एकही कारण दिसलं नसतं. कारण जे होतं ते कुणाला सांगायला गेलं तर हसू आलं असतं. ते कारण असं, की ती गेली तर घरात बोलणार कोण?

अण्णा आणि विश्वनाथ एकमेकांशी बोलत नसत. अकरा वर्षं झाली होती. वसंताने भिलाईला आपल्या ऑफिसातल्या मुलीशी रजिस्टर लग्न केलं, आणि साक्षीदार म्हणून विश्वनाथने सही केली. अण्णा तेव्हा हेडमास्तर म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. शाळेत त्यांचा आवाज चढला की पलीकडच्या वर्गातली मुलंही उभी राहत. त्यांनी विश्वनाथला समोर उभं करून सांगितलं, आजपासून माझ्याशी बोलू नकोस. आणि विश्वनाथने ते ऐकलं. बापाचं त्याने ऐकलेलं ते शेवटचंच. तेव्हापासून सक्करदऱ्याच्या त्या घरात रस्त्याकडची खोली अण्णांची, मागची विश्वनाथची, आणि मधल्या खोलीत, म्हणजे जिथे जेवणखाण, देवघर, पाण्याचा माठ आणि इस्त्रीचं टेबल, तिथे सुहासिनी. मधे दोन पडदे, तेही विरलेले. मागच्या खोलीत विश्वनाथ शिंकला तरी अण्णांना ऐकू जाई. पण ऐकू जाणं वेगळं आणि निरोप पोचणं वेगळं. विश्वनाथ मोठ्याने म्हणे, अण्णांना सांग, रेडिओ लहान करा, डोकं उठवलंय. अण्णा ते शब्दन् शब्द ऐकत आणि ढिम्म बसत. मग सुहासिनी पडदा सारून जाई आणि म्हणे, अण्णा, रेडिओ जरा लहान करता का, ह्यांचं डोकं दुखून राहिलंय. अण्णा म्हणत, त्याला म्हणावं, डोकं असेल तर दुखेल. ती परत येऊन सांगे, करतात म्हणाले. आणि रेडिओ लहान होई. शिंप्याने कापड बेतावं तसं ती दोघांचं बोलणं बेतत असे, टोचणारं ते दुमडून आत घालत असे, आणि ते तिला इतकं जमायला लागलं होतं की मूळचे शब्द तिचे तिलाच संध्याकाळपर्यंत आठवत नसत.

हे काम आधी सासूबाईंचं होतं. त्या जाण्याच्या आधी काही दिवस, अंथरुणातून उठवत नव्हतं तेव्हा, त्यांनी सुहासिनीला जवळ बसवून फडताळाच्या किल्ल्या दिल्या, लोणच्यांची प्रमाणं सांगितली आणि म्हणाल्या, बाई, ह्या दोघांमधलं तेवढं तुटू देऊ नकोस, दोघंही मेले अभिमानी आहेत, मधे कुणी नसलं तर एक दिवस असं बोलतील की मग जोडता येणार नाही. तिला तेव्हा त्या म्हाताऱ्या बाईची दया आली होती आणि थोडा गर्वही वाटला होता. आपल्याला काहीतरी सोपवलं जातंय याचा गर्व. किल्ल्या तिने कमरेला लावल्या नाहीत, पण दुसरं ओझं घेतलं ते घेतलंच. नंतर एका थंडीत तिचा घसा पार बसला. डॉक्टरांनी तीन-चार दिवस एक अक्षर बोलायचं नाही म्हणून बजावलं. तापात ती मधल्या खोलीत पडून होती आणि या दोघांचं कसं होणार म्हणून जीव नुसता कासावीस. बरी होऊन उठली तेव्हा घर जसंच्या तसं होतं. औषधं वेळेवर आली होती, दूध तापवलेलं होतं, अण्णांचा अंघोळीचा बंबही पेटत होता. अडचण झाली असं दोघांपैकी कुणीही म्हणालं नाही, आणि त्याचं तिला जरा वाईटच वाटलं होतं.

घरी येताना ती तलावापाशीच बसमधून उतरे आणि काठच्या पाळीवरून चालत जाई. तेवढाच वेळ कुणाचा निरोप तोंडात नसे. पण त्या आठवड्यात चालतानाही तिला मोकळं वाटेना. घशाशी काहीतरी आल्यासारखं होई, ना गिळता येई ना थुंकता येई. तिला रामटेकची पायरी आठवे. सासूबाईंच्या वर्षश्राद्धानंतर तिघं रामाच्या दर्शनाला गेली होती. अण्णा पुढे, काठी टेकत. विश्वनाथ मागे, पिशव्या घेऊन. आणि ती अधेमधे. मागून विश्वनाथ म्हणे, त्यांना म्हण थांबा, छाती भरून येईल. ती चार पायऱ्या धावत वर जाऊन सांगे. वरून अण्णा म्हणत, त्याला सांग, पिशवी जड असेल तर इथे दे. ती खाली येऊन सांगे. डोंगर दोघंही एकदाच चढले, ती दोनदा चढली. वर देवळाच्या आवारात वारा सुटला होता, खाली भाताची खाचरं हिरवीगार पसरली होती, आणि कठड्याला टेकून अण्णा नि विश्वनाथ दोघं एकाच दिशेला बघत उभे होते, अगदी हातभर अंतरावर. दोघांची मान डावीकडे थोडी कलती, दोघांच्याही कानाची पाळी तशीच जाड. तिला तेव्हा एकदम रडू फुटलं आणि दोघंही एकदमच वळून म्हणाले, काय झालं? एकदमच म्हणाले, त्यामुळे ते एकमेकांशी बोलणं धरायचं की नाही, असा प्रश्न तिला त्या रडण्यातही पडला होता.

कलकत्त्याचं तिने दोघांनाही सांगितलं होतं, लपवून काय ठेवायचं? विश्वनाथ भिंतीकडे तोंड करून दाढी करत होता. तो म्हणाला, अण्णांना विचार. तिने अण्णांना विचारलं. अण्णा चष्मा पुसत राहिले, मग म्हणाले, त्याचं काय म्हणणं आहे ते आधी विचारून ये. आणि इथे, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सुहासिनीने निरोप पोचवला नाही. पडदा सारून मधल्या खोलीत आली ती माठाजवळ उभी राहिली, पाणी प्याली, आणि पोळ्या लाटायला बसली. का नेला नाही तो निरोप? तिने स्वतःला विचारून पाहिलं. तो म्हणतो त्यांना विचार, ते म्हणतात त्याला विचार. नुसतं एवढंच इकडून तिकडे करायचं होतं, यात बेतायचंसुद्धा काही नव्हतं. कदाचित म्हणूनच. दोघांनीही ‘विचार’ म्हटलं होतं, ‘नको’ कुणीच म्हटलं नव्हतं. निरोप नेला असता तर चार फेऱ्यांत त्याचं ‘जा’ झालं असतं, हे तिला पोळी लाटतानाच कळलं होतं. आणि मग जावं लागलं असतं. हे कळल्यावर तिला स्वतःची इतकी चीड आली की तिने एक पोळी करपवली. मग मात्र तिने स्वतःची समजूत काढली: मी गेले तर काय होईल याची ह्यांना कल्पना नाही. दोन बेटं होतील या घराची. अण्णा खोलीत पडले तर विश्वनाथला कोण सांगेल? विश्वनाथ रात्री उशिरा आला तर दार कोण उघडेल, काय म्हणून उघडेल? या सगळ्याची तिला खरोखर भीती वाटत असे, हे खोटं नव्हतं. वर्गात फळ्यावर मांडून दाखवलंच होतं की तिने. शामलाने पुसून सिद्धही केलं होतं.

शुक्रवारपर्यंत तिचं ठरलं. नाही म्हणायचं. सर, घरची परिस्थिती अशी आहे की, हे वाक्य तिने बसमध्ये, फळ्याकडे तोंड करून, आंघोळ करताना, सगळीकडे घोळवून पाहिलं. घरची परिस्थिती म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही, हा आपल्याकडे मोठा फायदा आहे. शनिवारी ती लवकर निघाली. महिन्यातला दुसरा शनिवार, विश्वनाथला सुटी. तो पाय पसरून पेपर वाचत पडला होता. कॉलेजात पोचली तर ठवरे सर नाहीत. शिपाई बळीराम म्हणाला, सर मीटिंगले गेले मॅडम, चार वाजता येतीन, तुमी थांबा म्हून सांगितलं. दोन तास घेऊन झाले, लायब्ररीत बसून झालं, पण तोंडात तयार ठेवलेलं ते वाक्य तिला तिथे बसू देईना. एरवी शनिवारी ती संध्याकाळशिवाय घरी जात नसे. त्या दिवशी रिक्षा करून ऐन दुपारी घरी आली. पदर डोक्यावरून घेतला तरी टाळू तापली होती.

रस्ता सुना होता. ओट्यावर सावली होती म्हणून ती जरा टेकली, आणि अण्णांच्या खोलीच्या अर्धवट लोटलेल्या खिडकीतून तिला आवाज आला. कट्. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, कट्.

"हळू रे," अण्णा म्हणाले, "तो अंगठा मेला ठणकतो."

"ठणकणारच. मागच्या महिन्यात कापू दिला नाही तुम्ही. हलू नका."

कुणीतरी पाहुणा आलाय असं तिला आधी वाटलं. अण्णांना इतक्या जवळून हलू नका म्हणणारा हा कोण? आवाज ओळखीचा होता, रोजचा होता, पण त्याची चाल वेगळी होती, त्यात ठेचा नव्हत्या. मग तिला कळलं, आणि कळल्यावर पहिली गोष्ट मनात आली ती भलतीच: अण्णांना वाकता येत नाही, डोळ्यांना दिसत नाही, मग इतकी वर्षं त्यांच्या पायाची नखं कापतं कोण, हा प्रश्न आपल्याला कधी पडलाच कसा नाही? घरातल्या प्रत्येक कामाचा हिशेब तिला ठाऊक होता, आणि हे एवढं सुटलं होतं. आत दोघं सावकाश बोलत होते. शाळेतला एक जुना चित्रकलेचा मास्तर गेला, त्याच्याविषयी. वसंताच्या दमेकरी सासऱ्याविषयी. अण्णा काहीतरी म्हणाले आणि विश्वनाथ हसला, मोकळा, नाकातून नव्हे. असं हसणं तिने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात कधीतरी ऐकलं होतं.

"सूनबाईचं काय ठरलं मग?" अण्णांनी विचारलं.

"काही बोलत नाही. मला विचारलं, मी म्हटलं अण्णांना विचार."

"मलाही विचारलं. मी म्हटलं, त्याला विचारून ये. ती आलीच नाही परत." कट्. "आपली काळजी पडली असेल तिला."

"आपल्याला काय होतंय?"

"तेच. पोळ्या खानावळीतून आणता येतील. जाऊ दे तिला, इथे वाळून चालली आहे पोरगी. तू सांग."

"तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकते ती."

"मी कसं सांगू?" अण्णा म्हणाले. "मग तिला कळेल आपलं. इतकी वर्षं केलंय बिचारीने, वाईट वाटेल तिला."

विश्वनाथ यावर मान हलवत असणार हे तिला भिंतीबाहेरूनही दिसलं. ती खांबाला धरून उभी राहिली. संताप आला, असा आला की आत जाऊन हातातली पिशवी त्या दोघांच्या मधोमध आपटावी. किती वर्षं? कधीपासून? ती तापात पडली होती तेव्हापासून, की त्याच्याही आधीपासून, सासूबाई होत्या तेव्हापासूनच? तिचा घसा, तिचे पाय, रामटेकच्या त्या दुप्पट पायऱ्या! आणि संतापाच्या पाठोपाठ, तिला अगदी नको असताना, अंग हलकं झालं. काहीच शिल्लक नव्हतं आता. दोन बेटं नव्हती, तुटायचं काही नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं. ते ढकलून उंबरठ्यावर उभं राहायचं, तोंडातून एक शब्दही काढायची गरज नव्हती. त्यांनी वर बघितलं असतं आणि सगळं तिथेच संपलं असतं. चार वाजता ठवरे सरांकडे जाऊन हो म्हणायचं. कलकत्त्यात एक खोली असेल, खिडकी असेल, टेबल असेल. संध्याकाळी ती खोलीत येईल आणि तिच्यापाशी कुणाचाही निरोप नसेल.

मग काय बोलेन मी? हे तिच्या मनात आलं, आणि ती तिथेच थबकली. तिथे कुणी विचारलं, तुम्हाला काय वाटतं, तर तोंड उघडून काय सांगेन? तिने आठवून पाहिलं. गेल्या महिन्यात, गेल्या वर्षात, आपलं असं, आपल्यासाठी, आपण या घरात काय बोललो? हे म्हणताहेत. अण्णा म्हणताहेत. त्याच्याखाली काही आहे का म्हणून तिने चाचपून पाहिलं, हाताला काहीच लागलं नाही. आत अण्णा आणि विश्वनाथ पुन्हा त्या चित्रकलेच्या मास्तरकडे वळले होते, त्याने फळ्यावर काढलेल्या कुठल्याशा मोराकडे, आणि त्यांच्या बोलण्यात कुठेही एवढीशी फट नव्हती की जिच्यातून ती आत शिरू शकली असती. आपण नसलो तरी चालतं हे माणसाला ऐकून घेता येतं, पण आपण नसलो की छान चालतं हे ऐकून पाय कुठे ठेवायचा? तिला दोघांचा राग आला, दोघांची माया आली, आणि सगळ्यांत जास्त भीती वाटली.

तिने पायातली चप्पल ओट्यावर आपटली. मग दाराची कडी उचलली आणि सोडली, पुन्हा उचलली आणि पुन्हा सोडली, जोराने, आणि खोकली.

आतलं बोलणं थांबलं. खुर्ची सरकली, अनवाणी पावलं मागच्या खोलीकडे भराभरा गेली, पडदा हलला. ती दाराशीच थोडा वेळ थांबली, त्यांना पुरेल एवढा, आणि मग दार ढकलून आत गेली. अण्णा आरामखुर्चीत होते, पेपर तोंडासमोर, धोतर पायांवरून खाली ओढलेलं. तरी एका पायाची बोटं उघडी राहिली होती आणि त्यांची नखं नीट कापलेली होती.

"कोण, सुहासिनी?" मागच्या खोलीतून विश्वनाथ म्हणाला. "आज लवकर? अण्णांना विचार, चहा घेतात का."

ती अण्णांकडे वळली. "अण्णा, हे विचारताहेत, चहा घेता का."

अण्णांनी पेपर खाली केला आणि तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला त्यांचे ओठ उघडले होते, ते वेगळंच काहीतरी होतं. तिने नजर हटवली नाही, वाट बघत राहिली, सुनेने बघावी तशी.

"त्याला सांग, अर्धा कप," ते म्हणाले.

"अर्धा कप म्हणताहेत," तिने आत वळून सांगितलं. तिचा आवाज स्वच्छ आला, घशाशी काही अडकलं नाही, आणि तिला बरं वाटलं.

"आणि तुला परत जायचंय का कॉलेजात?" विश्वनाथने विचारलं. हे त्याने पडद्यापाशी येऊन, हळू विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "आता नाही जायचं."

मग हे अण्णांनाही सांगायला हवं, म्हणून ती पुन्हा त्यांच्याकडे वळली. "ह्यांना म्हटलं, नाही जायचं."

"बरं," अण्णा म्हणाले, आणि दुसरा पाय त्यांनी धोतराखाली आणखी आत ओढून घेतला.